परवानगी एकदाची, टाकी आयुष्यभराची

यवतमाळचा इतिहास लिहायचा म्हटले, की लेखणी आपसूक वऱ्हाडच्या कापसाकडे, शकुंतला रेल्वेकडे, नाहीतर १९३० च्या जंगल सत्याग्रहाकडे वळते. ते स्वाभाविकही आहे. पण गावात जितकी पक्की घरे, जवळजवळ तितक्याच टाक्या जमिनीखाली आहेत. लोहारा, वडगाव, उमरसरा, वाघापूर या बाजूंना गेल्या काही दशकांत ले-आउट पडत गेले. तिथल्या घरमालकाला विटा, लोखंड आणि सिमेंटचे भाव तोंडपाठ असतात. सेप्टिक टँक किती लांब, किती खोल, शेवटचा कधी उपसला, हे विचारले तर तो क्षणभर थांबतो. टँक नेमका कुठे आहे हेही अनेकांना आठवत नाही, कारण त्यावर फरशी बसलेली असते.

या टाकीवर कायद्याची नजर नाही, असे म्हणता येत नाही. घर बांधताना नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यात टँक दाखवावाच लागतो. मात्र परवानगीचा शिक्का पडला, की ती टाकी कागदावरून नाहीशी होते. पुढची तीस-चाळीस वर्षे तिच्याकडे कोणी पाहायचे, हे आपल्याकडे नीट ठरलेलेच नाही. असे का झाले, याचा मागोवा या लेखात घ्यायचा आहे.

टाकीच्या आधी

वऱ्हाडातल्या जुन्या गावठाणांत फिरताना दोन घरांच्या पाठींमध्ये एक अरुंद गल्ली दिसते. आता तिथे कूलर, मोटारींचे पाईप आणि भंगार असते. ही गल्ली मैला उचलणाऱ्यासाठी ठेवलेली होती. घराच्या मागच्या भिंतीला खाली झडप असे, आत टोपली किंवा डबा, आणि रोज सकाळी माणूस येऊन तो रिकामा करी. पायखाना घरमालकाचा, भंगीपट्टी नगरपालिकेची आणि डोक्यावरची टोपली एका विशिष्ट जातीच्या माणसाची, अशी ही व्यवस्था होती.

या अमानुष व्यवस्थेबद्दल हळहळ व्यक्त करून आपण पुढे जातो. तिच्यातली एक गोष्ट मात्र इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात घ्यायला हवी. त्या काळी प्रत्येक घराच्या संडासाची रोज तपासणी होत होती. डबा फुटला, झडप मोडली, घाण नालीत वाहू लागली, तर ते त्याच दिवशी कोणाला तरी दिसत असे. ज्याला दिसे, त्याच्या शब्दाला किंमत नव्हती, हा भाग वेगळा.

या प्रश्नाला हात घालणारी माणसे आपल्याच भागात होऊन गेली. गाडगेबाबा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या हातातला खराटा सगळ्यांना ठाऊक आहे. वर्ध्याजवळच्या सुरगावात विनोबा रोज पायी जाऊन मैलासफाईचे काम करीत. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणारा संडास रूढ करण्यासाठी आयुष्य वेचले. मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. यवतमाळ तेव्हा मध्य प्रदेशात होते. आपण १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याच सुमारास मलकानी समितीनेही टोपली बंद करण्याचा आग्रह धरला.

या साऱ्या प्रयत्नांचे उद्दिष्ट माणसाच्या डोक्यावरचा मैला उतरवणे, हे होते. त्यावर शहरांना सापडलेले सोपे उत्तर म्हणजे सेप्टिक टँक.

फ्रान्स, इंग्लंड आणि माटुंगा

ही टाकी मूळची आपली नव्हे. फ्रान्समध्ये झाँ-लुई मुरास या गृहस्थाने १८६० च्या सुमारास घराजवळ एक बंद टाकी बांधली. काही वर्षांनी ती उघडली, तेव्हा अपेक्षेपेक्षा फारच कमी गाळ निघाला. १८८१ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. पुढे इंग्लंडमधल्या एक्झिटर शहराचे सर्वेक्षक डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५-९६ मध्ये मोठी टाकी बांधून तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. सेप्टिक म्हणजे कुजवणारी.

मराठी वाचकाला आश्चर्य वाटेल अशी गोष्ट याच्या लगेच पुढची. एक्झिटरचा प्रयोग ताजा असतानाच, १८९७ च्या सुमारास, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात अशा टाक्या बसवून मैल्यावर प्रयोग सुरू झाले. हे कुष्ठधाम १८९० मध्ये महापालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने उभे राहिले होते. टाकीतून निघणारा वायू तिथे गोळा करून वापरला गेला आणि त्यावर इंजिनही चालवले गेले. मुंबईचे ड्रेनेज अभियंता कारकीट जेम्स यांनी या अनुभवावर पुढे पूर्वेकडील शहरांच्या मैलाव्यवस्थेविषयी पुस्तके लिहिली. समाजाने बाहेर काढलेल्या रोग्यांच्या वसाहतीत भारतातला हा पहिल्या काही प्रयोगांपैकी एक झाला.

कुष्ठधामातल्या त्या टाकीवर अभियंत्याची नजर होती. गाळ किती साठला, पाणी कसे निघते, वायू किती, हे पाहिले जाई. हीच टाकी घराघरांत गेली तेव्हा तिच्याबरोबर अभियंता गेला नाही.

टाकीचे काम समजायला अवघड नाही. मैलापाणी आत येऊन संथ होते. जड भाग तळाशी बसतो, तो गाळ. तेलकट, हलका भाग वर साय धरतो. मधले पाणी त्यातल्या त्यात निवळ असते आणि तेच पुढच्या नळीने बाहेर पडते. हवेशिवाय जगणारे जंतू गाळ कुजवून कमी करतात, पण संपवत नाहीत. गाळ साठत राहतो, मधल्या पाण्याची जागा कमी होत जाते आणि एक दिवस गाळच बाहेर जाऊ लागतो. म्हणजे ही टाकी ठरावीक काळाने उपसणे हा तिच्या कामाचाच भाग आहे. शिवाय बाहेर पडणारे पाणी निवळ दिसले तरी निर्जंतुक नसते. म्हणून ते शोषखड्ड्यात किंवा चरात जिरवायचे असते.

नियम आणि तीस बाय पन्नासचा प्लॉट

स्वातंत्र्यानंतर या टाकीला भारतीय नियमांची चौकट मिळाली. १९५८ मध्ये नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. तीच १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते. साठच्या दशकात भारतीय मानक संस्थेने सेप्टिक टँकसाठी २४७० क्रमांकाचे मानक काढले आणि १९८५ मध्ये ते सुधारले. विदर्भातल्या नगरपालिका तोवर मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९२२ च्या कायद्याने चालत होत्या. त्या १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका कायद्याखाली आल्या. जलप्रदूषणाचा कायदा महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी, १९६९ मध्ये केला आणि १९७० मध्ये प्रदूषण मंडळ स्थापले. केंद्राचा कायदा १९७४ चा.

मानकातले आकडे सामान्य घरमालकानेही वाचावेत असे आहेत. टाकीची रुंदी कमीत कमी ७५० मिलिमीटर, पाण्याची खोली कमीत कमी एक मीटर, क्षमता कमीत कमी १००० लिटर. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. घरगुती लहान टाकी निदान दोन वर्षांतून एकदा उपसावी. टाकीचे पाणी प्रक्रियेशिवाय उघड्या नालीत किंवा ओढ्यात कदापि सोडू नये. आणि पाणी जिरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटर व राहत्या घरापासून ६ मीटर दूर असावी.

आता हे शेवटचे दोन आकडे घेऊन आपल्या ले-आउटमध्ये या. मध्यमवर्गीयाचा नेहमीचा प्लॉट १५०० चौरस फुटांचा, म्हणजे तीस बाय पन्नास. त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर अठ्ठावन्न फूट आणि थोडे इंच भरते. १८ मीटर म्हणजे एकोणसाठ फूट. म्हणजे एका टोकाला बोअर आणि दुसऱ्या टोकाला शोषखड्डा घेतला, मध्ये घर बांधलेच नाही, तरी नियम पाळला जात नाही. त्यात शेजाऱ्याचा बोअर आपल्या कंपाउंडला लागून असतो, तो वेगळाच. ज्या गावात उन्हाळ्यात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, तिथे घरोघरी बोअर असणारच. २०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरलेले नाहीत.

दुसरी अडचण मातीची. मानकात पाणी झिरपण्याची एक साधी चाचणी आहे. खड्डा घेऊन, त्याला आधी भरपूर पाणी पाजून, मग त्यातले पाणी २५ मिलिमीटर खाली जायला किती मिनिटे लागतात ते मोजायचे. तीस मिनिटांच्या आत गेले तर शोषखड्डा चालतो. साठ मिनिटांहून जास्त लागली तर जमिनीत जिरवण्याचा नाद सोडून दुसरी प्रक्रिया करावी लागते. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून बंद होते. उन्हाळ्यात तिच्या भेगांतून मैलापाणी न गाळता खाली जाईल आणि श्रावणात थेंबभर जिरणार नाही. तिच्याखाली मुरूम आणि बेसाल्टचा फुटका खडक लागला, तर पाणी फटींतून भराभर पुढे सरकते. वरचे पाणी ‘छान जिरते’ म्हणून मालक खूश असतो, पण ते कुठे जाते हा प्रश्न उरतोच.

मग प्रत्यक्षात काय होते? टँकची बाहेरची नळी सरळ नालीला जोडली जाते. मिस्त्री ते न विचारता करतो, कारण सगळीकडे तसेच असते. काही वर्षांपूर्वी मी वेगवेगळ्या गावांतले घरांचे मंजूर नकाशे जमवून पाहिले. त्यांत टँकचा चौकोन होता, बहुतेक नकाशांत तो एकाच मापाचा होता. बंगला असो की दोन खोल्या, चौकोन तोच. माती कोणती, बोअर कुठे, याचा उल्लेख नव्हता. नकाशा काढणाऱ्याने तो एकदा काढला आणि पुढे उतरवत गेला, एवढेच त्यातून कळते.

बांधकाम चालू असताना तपासणी झाली तर पाया आणि सामासिक अंतरे पाहिली जातात. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी टाकीवर झाकण पडलेले असते. त्यानंतर घर विकले, भाड्याने दिले, त्यावर मजला चढवला, राहणारी माणसे पाचांची पंधरा झाली, तरी टाकीचा विषय कुठल्याच कागदावर येत नाही.

झाकण उघडते तेव्हा

टाकी पुन्हा आठवते ती तुंबल्यावर. तोवर कधी आठ, कधी दहा, कधी वीस वर्षे गेलेली असतात. गाळ दगडासारखा बसलेला असतो, टँकरच्या पाईपला येत नाही. मग ‘एक माणूस आत उतरवला तर अर्ध्या तासाचे काम’ असे कोणीतरी म्हणतो.

त्या बंद टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेले असते, प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो खरा. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटते वास गेला, धोका टळला, आणि तेवढ्यात तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. एका टाकीत एका वेळी दोघे-तिघे दगावल्याच्या बातम्या येतात त्या यामुळे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९९३ मध्ये टोपली संडासांवर बंदी आली. २०१३ च्या कायद्याने गटार व सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाईही बंदीखाली आणली. ही बंदी केवळ नगर परिषदेला किंवा ठेकेदाराला नाही. तो कायदा ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतो, म्हणजे घरमालक त्यात आला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती तीस लाख केली.

टोपली गेली म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकला. पण रोजचे काम वीस वर्षांनी एकदा करायचे झाले, तेव्हा त्यातली घाण गेली नाही, उलट जीव घेण्याइतकी साचली. आणि उतरणारा माणूस बहुधा त्याच वस्तीतून येतो, जिथून त्याचा आजा टोपली घेऊन मागच्या गल्लीत येत असे. घरमालक टाकीची देखभाल पुढे ढकलतो, तेव्हा तिची किंमत कोण मोजतो, हे यावरून कळावे.

इतरांनी काय केले

जपानने घरगुती मैलाशुद्धीच्या यंत्रणेसाठी १९८३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तिथे बसवणारा, देखभाल करणारा, गाळ उपसणारा आणि तपासणारा हे वेगवेगळे आणि नोंदणीकृत असतात. वर्षातून एकदा गाळ उपसायचा आणि वर्षातून एकदा अधिकृत संस्थेकडून पाणी तपासून घ्यायचे, हे मालकाचे कर्तव्य. फ्रान्सने १९९२ च्या जलकायद्याने ही जबाबदारी ग्रामपालिकांवर टाकली. ठरावीक वर्षांनी तपासणी होते आणि २०११ पासून घर विकताना तीन वर्षांच्या आतला तपासणी अहवाल जोडावा लागतो. आयर्लंडने बरीच वर्षे काहीच केले नाही. २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला, तेव्हा २०१२ मध्ये प्रत्येक टाकीची नोंदणी सक्तीची झाली. खेड्यापाड्यांत त्यावरून मोठा गदारोळ झाला. आमच्या अंगणात सरकार कशाला, हा सूर आपल्याला अनोळखी नाही.

पण एवढ्या लांब जायलाच हवे असे नाही. सातारा जिल्ह्यातले वाई हे सुमारे छत्तीस हजार वस्तीचे गाव. तिथल्या नगर परिषदेने अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या साहाय्याने घरोघरच्या टाक्यांची नोंद केली आणि २०१८ पासून पाळीने उपसा सुरू केला. तुंबण्याची वाट न पाहता गावाचे भाग पाडून तीन वर्षांत प्रत्येक टाकी एकदा उपसायची, असे हे वेळापत्रक. दरवेळी टँकरवाल्याशी घासाघीस नाही, खर्च करातून भागतो. उपसलेला गाळ शेतात किंवा ओढ्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात जातो. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हाच मार्ग धरला.

आणि आपल्या शेजारी, पैनगंगेपलीकडे, नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून सांडपाणी जिरवले, उघडी नाली जवळजवळ बाद केली आणि डास हटवले. ते सांडपाणी न्हाणीचे आणि भांड्यांचे, मैल्याचे नव्हे, हा फरक लक्षात ठेवायला हवा. पण घराघरातले पाणी ही गावाची बाब आहे, हे त्यांना पटले, ते महत्त्वाचे.

तपासणी म्हणजे काय

देशात २०११ च्या जनगणनेत शहरी कुटुंबांपैकी ३८.२ टक्के सेप्टिक टँकवर आणि ३२.७ टक्के गटारांवर अवलंबून होती. म्हणजे टाकी ही काही तात्पुरती सोय नाही. भुयारी गटार होईल तेव्हा होईल. तोवर या टाकीशी आपला संसार आहे.

तिची तपासणी करायला फार मोठे ज्ञान लागत नाही. झाकण उघडून बराच वेळ वायू जाऊ द्यावा, जवळ विडी-काडी पेटवू नये, डोके आत घालू नये, उतरणे तर नाहीच. लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून ती तळापर्यंत न्यावी, काही मिनिटांनी सावकाश काढावी. काळा गाळ कुठवर चिकटला ते फडक्यावर दिसते. गाळ आणि वरची साय मिळून खोलीच्या निम्म्याहून जास्त झाली, तर टाकी उपसायची वेळ झाली. बाहेर जाणाऱ्या तोंडाशी टी-पाईप शाबूत आहे का, हवेच्या पाईपला जाळी आहे का, एवढे पाहावे. जाळी नसेल तर टाकी म्हणजे डासांचा कारखाना. उपसताना तळाशी बोटभर गाळ राहू द्यावा, त्यातल्या जंतूंवर पुढचे काम चालते. आणि संडासात रोज अ‍ॅसिड ओतू नये, त्याने तेच जंतू मरतात.

हे मालकाने करायचे. नगर परिषदेने करायचे ते तीन गोष्टींचे: प्रत्येक टाकीची नोंद, पाळीने उपसा, आणि उपसलेला गाळ कुठे गेला याचा हिशेब. मालमत्ता कराच्या पावतीवर घराचे क्षेत्रफळ, मजले, नळजोडणी यांच्या नोंदी असतातच. त्यांत ‘टाकी शेवटची उपसल्याची तारीख’ असा एक रकाना वाढवायला नवा कायदा लागणार नाही, आणि रिकामा रकाना डोळ्यांत खुपतो. घर विकताना खरेदीखताबरोबर ही तारीखही विचारायची सवय आपणच लावून घेतली, तर निम्मे काम त्यानेच होईल.

दिवाळीला आपण घराचा कोपरान् कोपरा झाडतो. यंदा फराळाआधी एक काम करावे. घराचा नकाशा काढून टाकी कुठे आहे ते पाहावे, वर फरशी बसली असेल तर तिथे उचलता येईल असे झाकण करून घ्यावे, आणि शेवटचा उपसा कधी झाला ती तारीख घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून नकाशाच्या पाठीवर लिहून ठेवावी.